नलिनीला पांढराच रंग का हवा

९ ऑगस्ट १९८६, शनिवार

मी सुगंधा दशरथ मेस्त्री, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व. मला अक्षर येत नाही, आणि सत्तरीला आलेल्या बाईला आता कोणी शिकवायलाही येऊ नये. म्हणून मी सांगते आणि शेजारची ग्रेस लिहिते. ग्रेस म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत बाई होती. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे असं तीच सांगते. मी काय तपासणार?

नात अनुपमाला बसवलं असतं लिहायला, पण तिच्या पोटात काही राहत नाही. इकडे शब्द पडला की तिकडे आईच्या कानात. आणि ही वही आहेच मुळी तिच्या आईबद्दल.

झालं असं. आज नागपंचमीचं जेवण झाल्यावर आमची सून नलिनी म्हणाली, "आई, यंदा गणपतीच्या आधी बाहेरच्या खोलीला रंग काढू या का?"

मी म्हटलं, "काढ की. छताला पोपडे आलेत."

"छताला नाही, फळ्यांना. पांढरा ऑइल पेंट."

हातातली सुपारी हातातच राहिली माझ्या.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंती दिसतच नाहीत. जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत फळ्या आहेत. आमचे हे मिलच्या सुतारखात्यात होते. या घराच्या भिंतींना पावसात ओल यायची, सहदेव लहान होता, त्याची छाती भरायची. तेव्हा मिलमध्ये नवे माग आले, ते देवदारी खोक्यांतून. त्या खोक्यांच्या फळ्या ह्यांनी साहेबाला विचारून आणल्या, रंधा मारला आणि एकेक करून सगळ्या खोलीला आतून अस्तर लावलं. तेव्हापासून दर वर्षी गणपतीच्या आधी मी त्यांना उंडेल लावते. उंडीचं तेल, गावाहून येतं. कीड लागत नाही. फळ्या आता काळ्या झाल्यात, कातळासारख्या, आणि हात फिरवला तर सापासारख्या गुळगुळीत.

नलिनी वीस वर्षं या फळ्यांसमोर बसून भाजी निवडते. इतकी वर्षं डोळ्यांत खुपल्या नाहीत, आणि आताच? बरं, पिस्ता म्हणाली असती, फिकट निळा म्हणाली असती, तर मी समजले असते की बाईला हौस आली. पांढरा! पांढरा दवाखान्याला काढतात.

घर माझ्या नावावर आहे. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने मान हलवली होती. मी मान हलवलेली नाही. ग्रेस, याच्याखाली रेघ मार.


१२ ऑगस्ट

सहदेवला एकटा गाठला. म्हटलं, "तुझ्या बायकोला पांढराच रंग का हवा?"

"उजेड येईल, आई."

"उजेडाला खिडकी आहे."

त्याने पेपर तोंडासमोर धरला. हा लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा तोंडासमोर पाटी धरायचा. पाटीचा पेपर झाला, एवढीच प्रगती.

बाकी उजेड कमी आहे हे खरं. मरोळला हल्ली वीज नीट येतच नाही. मी त्याला म्हटलं, शंभरचा बल्ब आण. तो म्हणाला, "आई, शंभरचाच आहे." कंपन्या हल्ली शंभर लिहून साठचा देतात. याला कळत नाही.


१४ ऑगस्ट

मला आता सगळं कळलं आहे. घर विकायचं चाललंय.

गल्लीच्या तोंडाशी ग्रेसच्या चुलतभावाचं, इसिडोरचं घर होतं. गेल्या वर्षी त्याने ते पाडायला दिलं, आता तिथे तीन मजले उभे आहेत. पाडायला देण्याआधी त्याने काय केलं होतं? रंग काढला होता. म्हैस बाजारात न्यायच्या आधी शिंगांना तेल लावतात, तसंच.

ग्रेस म्हणते, "वैनी, इसिडोरने रंग काढला होता तो पोरीच्या लग्नासाठी." असेल. लग्नानंतर घर राहिलं का? नाही ना?

आणखी एक. मला या खोलीचा कंटाळा यावा म्हणून कोणीतरी स्टूल हलवतं. आज नडगीला लागलं, परवा लागलं. नलिनी म्हणते स्टूल आहे तिथेच आहे. आतल्या दाराची चौकट पावसाने फुगली आहे, माझा खांदा आपटतो. मी सांगितलं तर नलिनी चौकटीकडे न बघता माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला मी विचारलं, "माझ्या तोंडावर काय नाटक चाललंय?"

ही बाई एका गोष्टीमागे लागली की सोडत नाही. मागल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरचं टुमणं लावलं होतं. "आई, एकदा दाखवून येऊ." मी म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीला असंच एकदा दाखवायला नेलं होतं, दोन डोळे घेऊन गेली, एक घेऊन आली. माझे डोळे झकास आहेत. सुईत दोरा अनुपमा ओवते, कारण पोरीला वळण लागावं.

डॉक्टरचं जमलं नाही, आता रंग काढला आहे बाहेर.


१७ ऑगस्ट, रविवार

आज दलाल आला!

नलिनीच घेऊन आली. नाव विद्याधर. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ म्हणे, सहज इकडून चालला होता. आमच्या गल्लीतून सहज कोणी जात नाही. पुढे विहीर आहे आणि रस्ता संपतो.

चहा प्यायला. मग खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसला आणि बोटं दाखवायला लागला. "आजी, ही किती?"

मी ओळखलं. भाऊच्या धक्क्यावर लिलावात असाच भाव करतात, तोंडाने नाही. म्हटलं, "दोन." मग याने हात बाजूला नेला, माझ्या कानाच्या अंगाला. "आणि आता?"

मी मनात म्हटलं, भाव करायचा तर समोर कर, बाजूला काय नेतोस?

"आजी, आता किती?"

मी म्हटलं, "मेल्या, घर माझा आसा आणि माका भाव सांगूचो नाय."

तो नलिनीशी हळू आवाजात काहीतरी बोलला. मग खिशातून विजेरी काढली आणि माझ्या डोळ्यांत मारली. पोलीससुद्धा आधी नाव विचारतात. जाताना म्हणाला, "आजी, ही खोली फार काळोखी आहे हो." घ्या! पढवून आणलेला पोपट.

ग्रेसने इथे लिहायचं थांबवलं आणि मला विचारलं, "वैनी, दुसऱ्यांदा बोटं किती होती?"

मी म्हटलं, मी मोजलीच नाहीत. मोजली की सौदा सुरू होतो. तू लिही.


२० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. नलिनीने नारळीभात छान केला होता. हे लिहून ठेव, मी काही दुष्ट नाही.

पण आज सकाळी नळावर नलिनी आणि ग्रेस बोलत होत्या. मी दारात गेले तर दोघी एकदम गप्प. म्हणून आज लिहायच्या आधी मी ग्रेसला म्हटलं, मागचं सगळं वाचून दाखव. तिने वाचलं. मी सांगितलं होतं तसंच होतं. पण ती वाचते आहे की पाठ म्हणते आहे, हे मी कसं ओळखू?

ग्रेस चिडली. "वैनी, तुला एवढा संशय असेल तर ही वही चर्चमध्ये फादरकडून वाचून घे."

मी म्हटलं, "फादर तुझ्याच बाजूचे."

हसली. मग म्हणाली, "नलिनीला तुझी काळजी वाटते गं." मी विचारलं, काळजी वाटते तर पांढराच का? तिने टोपण लावलं पेनला. आज चहा पण कपाच्या अगदी काठापर्यंत भरून दिला तिने, म्हणून बशीत सांडला. लक्ष नव्हतं तिचं. मन खात असणार.


२८ ऑगस्ट

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर नलिनीने विचारलं, "आई, खोलीत काही वेगळं वाटतंय का?"

मी सगळीकडे नजर फिरवली. म्हटलं, "तू आज न ओरडता बोलतेस, एवढंच."

कसलातरी उग्र वास येत होता. मी म्हटलं रॉकेल सांडलंय, बघ. "बघते," म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. मला हे प्रश्न आवडत नाहीत. ज्याला उत्तर ठाऊक असतं तोच असे प्रश्न विचारतो.


३० ऑगस्ट, शनिवार

आज मी फळ्यांना उंडेल लावलं. सगळे कामावर गेले की लावते, मध्ये कोणी लुडबुडलेलं मला चालत नाही. फळ्या काही मला बघाव्या लागत नाहीत. बोटांना ठाऊक आहेत. एकीला गाठ आहे, एकीचा खिळा वर आलाय, एकीवर खोक्याच्या छाप्याचा खड्डा राहिलाय, तो ह्यांच्या रंध्यालाही गेला नाही.

एक फळी चिकट लागली. वाटलं, पावसाची ओल. तिला जास्त तेल घेऊन चांगली रगडली. मग त्याच फडक्याने पुढच्या.

शनिवारचं अर्धं ऑफिस करून नलिनी आली. दारातच थांबली. मी पावलं ओळखते ना तिची. म्हटलं, "पाय पुसून आत ये."

आली. माझे दोन्ही हात धरले. "आई, हाताला काय लागलंय?"

"उंडेल. दर वर्षी लागतं."

"आई, पांढरा रंग आहे तो. कोपरापर्यंत आहे. पातळाला आहे, कपाळाला आहे."

मला मोरीवर नेलं. रॉकेलने हात चोळले, मग साबणाने. सारखी नाक ओढत होती. मी म्हटलं बरी सापडली, म्हणून रडते. कारण मग कबूलच केलं तिने. मंगळवारी मी भजनाला गेले होते तेव्हा काशीराम रंगाऱ्याला बोलावून एक फळी रंगवून घेतली. नमुना म्हणून. तेलामुळे ती अजून वाळली नव्हती.

चोरून रंगवली ती रंगवली, तीही अशा अंधाऱ्या कोपऱ्यात की कोणाला दिसू नये.

ग्रेसने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "वैनी, ती फळी खिडकीच्या शेजारची आहे. मला गल्लीतून जाताना दिसायची."

आज पुरे.


३१ ऑगस्ट

रात्रभर विचार केला. सकाळी चहा घेताना नलिनीला विचारलं, "विद्याधर घर घ्यायला आला होता ना?"

"नाही आई. तो डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो. तुम्ही दवाखान्यात येत नाही म्हणून त्याला घरी आणलं. खोटं बोलले, चुकलं माझं."

"आणि पांढरा?"

"तो म्हणाला, या काळ्या फळ्यांसमोर तुम्हाला माणसं दिसत नसणार. मागे पांढरं असलं तर निदान आकार कळेल. चालताना दार कुठे आहे ते कळेल." मग म्हणाली, "परवा सहदेव तुमच्यासमोर बसून जेवत होते, आणि तुम्ही मला विचारलंत, सहदेव अजून आला नाही का."

मी म्हटलं, "तो मुद्दाम गप्प बसला होता. मजा बघत."

"ते जेवत होते, आई. त्यांना घास गिळवेना."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आता आठवत नाही.


२ सप्टेंबर

गेले. नलिनीने रजा काढली. रिक्षात मी तिचा हात धरला नाही, उतरताना धरला.

डॉक्टर बाई होती, हे एक बरं. काचबिंदू म्हणाली. मोतीबिंदूसारखा कापून काढता येत नाही. बाजूबाजूची नजर गेली ती परत यायची नाही, उरली आहे तीही धूसर आहे. थेंब घालायचे, म्हणजे उरलेली टिकेल. मी म्हटलं, "टिकेल की टिकू शकेल?" ती म्हणाली, "आजी, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात."

विद्याधर तिथेच होता. मी त्याला म्हटलं, "बोटं दाखव." त्याने दाखवली. या वेळी खरं सांगितलं. समोरची दोन. बाजूची, ठाऊक नाही.

थेंब डोळ्यांत चुरचुरतात. त्यात नुसतं पाणी नसणार, एवढी खात्री झाली.


३ सप्टेंबर

आज नलिनी म्हणाली, "रंगाचं तुम्ही म्हणाल तसं. तुम्हाला नको असेल तर नमुन्याची फळी मी साफ करून टाकते. पुन्हा विषय काढणार नाही." मग स्वयंपाकघरात गेली.

ही तिची नवीन युक्ती. भांडायला समोर कोणी नसलं की माणसाला स्वतःशी बसावं लागतं.

बसले. फळ्यांना पाठ टेकून बसले. एकदा रंग चढला की संपलं. गाठ नाही, खिळा नाही, छाप्याचा खड्डा नाही, सगळं एकसारखं, ताटलीसारखं. ह्यांच्या हाताचं जगात दुसरं काही उरलेलं नाही. पाट होते ते मोडले, पाळणा गावी दिला. आणि डोळे गेल्यावर मला या घरात फिरायला बोटंच राहणार. बोटांना पांढऱ्या रंगाचा काय उपयोग?

पण डोळे अजून गेलेले नाहीत. थोडे दिवस आहेत, किती ते डॉक्टरबाईलाही ठाऊक नाही. एवढ्या दिवसांत मी फळ्या बघू की सहदेवचं तोंड? घास घेऊन समोर बसलेला पोरगा दिसत नसेल, तर ती कसली खोली?

लिही, ग्रेस. काढा रंग. पांढराच काढा.

ग्रेस म्हणाली, "वैनी, नक्की?"

मी म्हटलं, विचारू नकोस, बदलेन.


४ सप्टेंबर

काशीराम आला, पण रंग काढेना. म्हणे या तेलावर ऑइल पेंट महिनाभर वाळायचा नाही आणि वाळला तर पापडासारखा सुटेल. आधी फळ्या सोड्याने धुऊन काढा, मग मला बोलवा. सगळ्या गावठाणाला गणपतीच्या आधी हाच हवा असतो, त्यामुळे गेला तोऱ्यात.

दुपारी नलिनीने धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवला आणि काथ्याने खिडकीची फळी घासायला घेतली. मी पलंगावर बसून ऐकत होते. घासायचा आवाज बराच वेळ चालला. मग एकदम थांबला.

"आई, इकडे या ना जरा."

"काय झालं? चिरली?"

"नाही. फळी गोरी आहे हो आतून."

मला वाटलं, झालं, आता हिने कुठूनतरी लाकडाच्या रंगाचा डबा आणला आणि मला फसवते आहे. मनाचा स्वभाव जात नाही. मी गेले. हात लावला. उंडेलाचा गुळगुळीतपणा गेला होता. त्याखाली रंध्याच्या लाटा लागल्या बोटांना, बारीक, एकामागोमाग. मी नाक टेकवलं. देवदाराचा वास आला. ओल्या देवदाराचा, ह्यांच्या सदऱ्याला यायचा तसा. वासाचा डबा अजून बाजारात मिळत नाही.

म्हटलं, "कसला रंग आहे, सांग."

"सायीसारखा. थोडा पिवळट. अगदी पांढरा नाही."

अनुपमाला विचारलं. ती म्हणाली बिस्किटासारखा. सहदेव म्हणाला, फणसाच्या गऱ्यासारखा. तिघांनी तीन सांगितले म्हणून मला खरं वाटलं. कट असता तर एकच सांगितला असता.

मग मीच म्हणाले, कारण कोणी म्हणेना. ह्यांनी मला उजळ खोली करून दिली होती. मी लाडाने तेल पाजून पाजून काळी केली.

सहदेव म्हणाला, "कीड तर लागली नाही ना, आई. तुझ्यामुळे टिकल्या."

माझा मुलगा आहे तो. समजूत घालताना तोंडासमोर पेपर धरला नव्हता.


६ सप्टेंबर, शनिवार

उद्या गणपती. काल आणि आज सगळे मिळून फळ्या धूत होते, ग्रेससुद्धा. मी खालच्या धुतल्या, बसून. सोड्याने बोटांची सालं गेली आहेत. काळं पाणी बादल्या भरभरून मोरीत गेलं. एका गणपतीचं तेल या बादलीत, एका गणपतीचं त्या बादलीत. यापुढे उंडेल लावायचं नाही. लावलं की पुन्हा काळं. हे मी कबूल केलं आहे, पण आवडलं आहे असं लिहू नकोस.

रंगाचं मात्र ठरायचं होतं. नलिनी म्हणाली, "आई, धुतल्यावर एवढंच उजळलंय. पांढऱ्याइतकं नाही. तुम्हाला पुरतं की नाही ते तुम्हीच सांगायचं. आम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका."

मी म्हटलं, "मी आणि तुला बरं वाटावं म्हणून? जा, त्या फळ्यांसमोर उभी राहा. बोलू नकोस, बांगड्या वाजवू नकोस."

ती गेली. मी पलंगावरून बघत राहिले. आधी नुसता फिकट पडदा, धुक्यासारखा. मग मान थोडी वळवली, डॉक्टरबाईने शिकवलं तशी, आणि फिकटावर गडद असं काहीतरी उभं राहिलं. डोकं. खांदा. खांद्याखाली एक कोपर बाहेर आलेलं, आणि कोपराच्या आत फळीचा उजेड.

ग्रेसने विचारलं, "काय दिसतंय, वैनी?"

मी म्हटलं, "गो नलिनी, सासूसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहतेस?"

कोणीतरी हुंदका दिला, बहुतेक सहदेवने. काशीरामला निरोप धाडला, येऊ नको म्हणून.

नलिनीने हात काही खाली घेतला नाही. तेही दिसलं.